कर्करोग नोंदणी, नागपूर

ठरावीक भूप्रदेशातील रहिवाशांमध्ये आढळणाऱ्या प्रत्येक नव्या कर्करोगाची सातत्याने नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेस लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी म्हणतात. रुग्णालयाची नोंदणी उपचारास आलेल्यांचीच मोजदाद करते. लोकसंख्याधारित नोंदणीत छेदस्थानी संपूर्ण लोकसंख्या असल्याने रोगाचा दर काढता येतो.

नागपूरच्या नोंदणीचा प्रारंभ सामान्यतः 1980 च्या सुमाराचा मानला जातो. काही लेखनात ती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाची शाखा म्हणून येते. परंतु तो कार्यक्रम 1981 च्या अखेरीस सुरू झाला आणि त्याच्या आरंभीच्या लोकसंख्याधारित नोंदण्या मुंबई, बंगळूर व मद्रास येथे होत्या. इंडियन कॅन्सर सोसायटी या स्वयंसेवी संस्थेने 1963 मध्ये मुंबईत देशातील अशी पहिली नोंदणी उभारली व पुढे पुणे, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूर असा तिचा विस्तार केला. त्यामुळे नागपूरचे मूळ स्वयंसेवी परंपरेत व राष्ट्रीय जाळ्यातील समावेश नंतरचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये, विकृतिशास्त्र प्रयोगशाळा आणि महानगरपालिकेचा मृत्युनोंद विभाग यांच्याकडून माहिती गोळा करतात. यातील सर्वांत कष्टाचे काम पत्त्याची शहानिशा हे होय. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (लोकांच्या तोंडी ‘मेडिकल’), ‘मेयो’ (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय येथे संपूर्ण विदर्भातून, तसेच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, शिवनी, बालाघाटकडूनही रुग्ण येतात. बालाघाटचा रुग्ण सक्करदऱ्यातील भाच्याकडे उतरतो आणि केसपेपरावर भाच्याचाच पत्ता लागतो. तो तसाच स्वीकारल्यास अंशस्थानी बाहेरचा माणूस येतो, छेदस्थानी मात्र येत नाही, आणि शहराचा दर फुगतो. म्हणून किमान एक वर्षाच्या वास्तव्याची अट पाळली जाते. एकाच व्यक्तीचा बायोप्सी अहवाल एकीकडे ‘बावणे’ आणि किरणोपचाराचा कागद दुसरीकडे ‘बावने’ असा असू शकतो. नाव, वय, लिंग, पत्ता व अवयव जुळवून अशा दुबार नोंदी गाळाव्या लागतात. केवळ मृत्युदाखल्यावरून झालेल्या नोंदींचे प्रमाण जितके अधिक, तितकी हयातीतील नोंद अपुरी समजावी. वयोरचनेतील फरक दूर करण्यासाठी जागतिक प्रमाण लोकसंख्येच्या आधारे वय-समायोजित दर काढून तो दर लाखामागे देतात.

पुरुषांमध्ये मुखाचा कर्करोग येथे ठळकपणे आढळतो. त्याचा संबंध खर्ऱ्याशी जोडला जातो. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेले हे मिश्रण तासन्‌तास गालफडात धरले जाते. तंबाखू वगळली तरी धोका टळत नाही: सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रकाशित केलेल्या वर्गीकरणात नमूद आहे. तोंड उघडेनासे करणारा तंतुमयतेचा विकार ही या कर्करोगाची पूर्वखूण होय, आणि तरुण वयात तो दिसणे ही विदर्भातील गंभीर बाब आहे. 2012 च्या राज्यव्यापी गुटखाबंदीचा अर्थ लावताना हाताने घोटलेला खर्रा वेगळा विचारात घ्यावा लागतो. स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अग्रस्थानी असून, देशातील इतर शहरांप्रमाणेच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा दर उतरता आहे.

केंद्र शासनाच्या 2016 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मुख, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी 30 ते 65 वर्षे वयोगटासाठी आहे. ग्रामीण भागाच्या तुलनेसाठी सेवाग्राम येथील वर्धा जिल्हा नोंदणीचा आधार घेतला जातो.