पंखा हवा ओढतोय की बुश सरकतोय?

थ्रॉटल वाढवला की इंजिन एकदम किंचाळतं आणि होडी मात्र जोर धरत नाही. पाच ते पंधरा हॉर्सपॉवरच्या जुन्या आउटबोर्डवर (होडीच्या मागे बाहेरून लटकवलेल्या इंजिनावर) हे घडलं की धक्क्यावर निकाल तयारच असतो: पंख्यातला रबराचा 'बुश गेला.' मग चांगला पंखा उगाच नव्या बुशसाठी जातो, परत येतो आणि पहिल्याच वळणावर तोच प्रकार. याच्या उलटही होतं. खरोखर बुश सरकत असतो आणि मालक पंखा हवा ओढतोय असं समजून इंजिन ट्रान्समवर (होडीच्या मागच्या उभ्या फळीवर) वर-खाली करत बसतो. दोन्ही बिघाड कानाला सारखेच लागतात, पण कारणं आणि उपाय अगदी वेगळे आहेत.

आधी सोपं उरकून घेऊ. लहान इंजिनांवर साधारणपणे शिअर पिन असते, म्हणजे पंखा शाफ्टला जोडणारी, मुद्दाम कमजोर ठेवलेली पिन. ती तुटली की पुढच्या आणि मागच्या दोन्ही गिअरमध्ये ओढ पूर्ण जाते, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही. फक्त तिच्या जागी खिळा किंवा स्टीलचा तुकडा कधीही घालू नका. खडपावर आपटल्यावर पिनने तुटायचं असतं. ती तुटली नाही, तर तो धक्का गिअरच्या दातांवर जातो. कंपनीच्या मापाच्या दोन पिना होडीत कायम ठेवा. जोर देताना कट-कट असा ठोका येत असेल तर गिअर निसटतोय, तिथे पंख्यात शोधण्यासारखं काही नाही. पात्यांच्या कडा वाकल्या असतील किंवा पात्यांवर खड्डे पडले असतील तर आधी पाती नीट करून घ्या.

आता मुख्य मुद्दा. स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) असलेल्या पंख्यात आतली पितळी स्लीव्ह आणि बाहेरचं ॲल्युमिनियम यांच्यामध्ये रबराचा बुश दाबून बसवलेला असतो. रबर म्हातारं झालं, किंवा वाळूच्या दांड्यावर एकदा जोरात आपटलं, की त्याची पकड सुटते. हळू चालवताना ती पुरते, भार वाढला की शाफ्ट आत फिरतो आणि पंखा मागे राहतो. हवा ओढली जाते तेव्हा बुश धडधाकट असतो. पृष्ठभागावरची हवा पात्यांपर्यंत पोहोचते आणि पाती पाण्याऐवजी फेस कापत राहतात.

लोक फसतात ते पुढच्या गोष्टीला: थ्रॉटल कमी केला की पकड दोन्हींत परत येते. म्हणून 'कमी केल्यावर ठीक होतं, म्हणजे हवाच' हा तर्क चुकीचा आहे. 'हाताने पंखा धरून फिरवला, सरकला नाही, म्हणजे बुश चांगला' हा तर त्याहून वाईट. अर्धवट गेलेला बुश हाताच्या जोराला दाद देत नाही, तो इंजिनाच्या जोरालाच सुटतो. हाताच्या चाचणीवर बुश पास करणारे मेकॅनिक अजून आहेत, त्यांचं ऐकू नका.

खरा फरक असा: बुशला भाराशी मतलब, हवेला पात्यांच्या खोलीशी. शांत खाडीत, सरळ रेषेत, लेग (इंजिनाचा पाण्यात जाणारा खालचा भाग) उभा ठेवून थ्रॉटल सावकाश वाढवा. इंजिन कुठे सुटतं ते लक्षात ठेवा. मग नाळीकडची दोन माणसं मागे बसवून तेच पुन्हा करा. होडीची मागची बाजू दबली आणि त्रास कमी झाला, तर हवा. आणखी दोन माणसं घेऊन भार वाढवल्यावर त्रास लवकर सुरू झाला, तर बुश. फक्त वळणावर, लाटेवर किंवा लेग बाहेर झुकलेला असताना सुटत असेल तर बुशवर पैसे घालू नका. इंजिन किंचाळलं की लगेच थ्रॉटल सोडा; भाराविना जास्त फेरे जुन्या टू-स्ट्रोकला मारक असतात.

पक्का पुरावा हवा असेल तर खूण करा. इंजिन बंद, किल स्विचची दोरी काढलेली, प्लगची वायर सुटी. मगच पंख्याला हात. पंखा उतरवून गिअरबॉक्सकडच्या तोंडावर स्लीव्हपासून रबरावरून बाहेरच्या ॲल्युमिनियमपर्यंत एक सरळ रेघ ओढा. नेलपॉलिश चालतं, धातूवर टोकदार सुईने ओरखडा काढला तर उत्तम. पंखा बसवा, भार देऊन चालवा, पुन्हा उतरवा. रेघ तुटून बाजूला सरकली असेल तर बुश गेला. रेघ जुळलेली असेल तर पंख्याला दोष देणं थांबवा.

हवेचा उपाय बहुतेकदा फुकट असतो. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाशी समपातळीत किंवा त्याखाली इंचभरापर्यंत असायला हवी. ट्रान्समवर जाड फळी ठोकून इंजिन उंच केलेलं असतं, किंवा 20 इंची ट्रान्समवर 15 इंची शाफ्टचं इंजिन अडकवलेलं असतं. तिथे पंखा बदलून काही होणार नाही. लेगचा झुकाव ठरवणारी पिन एक भोक आत, होडीकडे घ्या. पट्टीचा तुकडा मोडला असेल तर दुरुस्त करा. लाकडी होडीचा कणा नेमका पंख्यासमोर संपत असेल, तर त्याचं टोक निमुळतं करून घ्या. बोथट टोकामागून फेसाळ पाणी थेट पात्यांवर येतं.

बुशचा उपाय म्हणजे जाणकाराकडून प्रेसवर नवा बुश किंवा नवा पंखा. स्लीव्ह आणि हब (पंख्याचा मधला ॲल्युमिनियमचा भाग) आरपार बोल्टने जखडणं किंवा वेल्ड करणं हा जुगाड मला अजिबात मान्य नाही. पुढचा धक्का थेट गिअर खातो, आणि गिअर पंख्यापेक्षा कितीतरी महाग. खाडीत अडकलात तर बुश सुटतो त्या थ्रॉटलच्या खाली राहून सावकाश परता.

पंखा उतरवलाच आहे तर शाफ्टवर तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) गुंडाळलेलं आहे का पाहा, ते ऑइल सील कापतं. गिअर ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलेलं आहे. स्प्लाइनला मरीन ग्रीस लावा, थ्रस्ट वॉशर होता तसाच परत घाला, आणि स्प्लिट पिन नवी वापरा.