खाडी आणि तळं: रोहितांना (फ्लेमिंगोंना) दोन्ही का लागतात

नवी मुंबईतल्या नेरूळ-सीवूड्सची तळी राखायची की भराव टाकून बांधकामाला द्यायची, हा वाद पेटला की एक प्रश्न हमखास येतो. "अहो, रोहितांना तिकडे खाडीत एवढं मोठं अभयारण्य दिलंय, मग हे डबकं कशाला अडवून ठेवता?" विचारणारा दर वेळी बिल्डरचाच माणूस असतो असं नाही. आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्यांनी हे विचारलं ते निवृत्त शिक्षक आहेत, आणि दर हिवाळ्यात नातवाला घेऊन फ्लेमिंगो बघायला जातात. खाडी आणि तळं दोन्हीकडे तेच गुलाबी थवे दिसतात, म्हणून एक जागा दुसरीची भरपाई करील असं वाटतं. तसं होत नाही, आणि त्याचं कारण भरती-ओहोटीत आहे.

आधी खाडी. ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान, ठाणे खाडीच्या पश्चिमेकडचा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. त्यात निम्म्याहून थोडी जास्त खारफुटी, बाकी पाणी आणि चिखल. रोहितांचं सगळं लक्ष त्या चिखलावर. ओहोटीला पाणी मागे सरलं की मैलभर काळा, चकचकीत चिखल उघडा पडतो. पक्षी मान खाली घालून चोच चक्क उलटी धरतो, पाणी आत ओढतो आणि जिभेने बाहेर ढकलतो; चोचीच्या आतल्या बारीक जाळीत अन्न अडकतं. आपल्याकडे धाकटा रोहित जास्त, त्याचं पोट सूक्ष्म शेवाळावर भरतं. थोरला रोहित कोळंबीसारखे बारीक जीव आणि शिंपल्यातले किडेही खातो. पिसांचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. थोडक्यात, खाडी हे त्यांचं ताट आहे.

हे ताट दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं. उधाणाच्या दिवसांत तर चिखलाचा ठिपकाही उरत नाही. चिखलावर पुरुषभर पाणी चढल्यावर जेमतेम दोन हात उंचीच्या धाकट्या रोहिताने उभं राहायचं कुठे?

इथे तळं येतं. सीवूड्समधला शाळेच्या नावाने ओळखला जाणारा डीपीएस तलाव, एनआरआय संकुलाजवळची पाणथळ, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेचा परिसर: या जागा खाडीला लागून आहेत, पण बांधामुळे आतलं पाणी घोट्या-गुडघ्याएवढंच राहतं. खाडी भरत आली की थवे उठतात, रांगा धरून आत येतात आणि उतरतात. मग बहुतेक जण एका पायावर उभे, मान पाठीच्या पिसांत खुपसलेली. पाणी उतरेपर्यंत तीन-चार तास हाच विसावा. थोडंफार खाणंही होतं, पण मुख्य काम उभं राहण्याचं. पक्षीनिरीक्षक याला भरतीचा थांबा म्हणतात.

भरतीची वेळ मी करावे गावातल्या एका कोळी काकांकडून शिकलो. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती; अष्टमीला सहाला; पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दिवसा तसंच रात्रीही. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून तळ्यावर पक्षी येण्याची वेळही रोज सरकते. पाहणीला किंवा फोटोला आलेला माणूस ओहोटीच्या वेळी तळ्याशी उभा राहिला तर त्याला रिकामं पाणी आणि दोन बगळे दिसतील. "इथे तर एकही फ्लेमिंगो नाही," अशी बातमी त्यातून सहज तयार होते, आणि ती खोटीही नसते. वेळ चुकलेली असते. अशा बातमीखाली फोटो कुठल्या तिथीचा आणि किती वाजताचा हे छापायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कायद्यातही दोन्ही जागांचं वजन सारखं नाही. अभयारण्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीतही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही गेली, तिचं क्षेत्र भोवतालच्या पट्ट्यासह साडेसहा हजार हेक्टर. तळ्यांसाठी २०१७चे पाणथळ नियम आहेत, पण त्यांतून काही प्रकारचे मानवनिर्मित जलाशय, मिठागरं वगैरे वगळलेली आहेत. त्यामुळे तळं निसर्गाचं की माणसाने बांधलेलं, जमीन कोणाची, नोंद आहे का, यावरच भांडण सुरू होतं. एनआरआय-चाणक्य भागात गोल्फ कोर्स आणि घरबांधणीसाठी जमिनीच्या वापरात केलेला बदल मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला, मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. खाडीच्या बाबतीत इतकी ओढाताण झाली नाही.

   

तळं भराव टाकूनच संपतं असंही नाही. डीपीएस तलावाला खाडीचं पाणी नाल्या-पायपांतून मिळतं. २०२४ मध्ये ती वाट बंद झाली, तळं कोरडं पडलं, आणि त्याच उन्हाळ्यात या परिसरात रोहित मरून पडलेले सापडले. बाहेरून पाहणाऱ्याला सगळं जागच्या जागी होतं. बांध होता, झाडं होती, फलक होता. फक्त भरती आत येत नव्हती. खाडीचं तसं नाही, समुद्राला कोणी तोटी लावलेली नाही. तळ्याला मात्र तोटी आहे आणि ती माणसाच्या हातात आहे.

२०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य वन्यजीव मंडळाने या तळ्याची सुमारे ३० एकर जागा संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. हा दर्जा मला नेमका वाटतो. संवर्धन राखीव क्षेत्राची तरतूदच मुळी विशेषतः अभयारण्याला लागून असलेल्या किंवा दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या सरकारी जमिनीसाठी आहे, आणि ती लागू करताना स्थानिकांशी बोलावं लागतं. म्हणजे ताट आणि थांबा यांचं नातं कायद्याला आधीपासून ठाऊक आहे.

आता विमानतळाचा मुद्दा पुढे येतो. मे २०२४ मध्ये घाटकोपरच्या आकाशात उतरणाऱ्या विमानावर थवा आदळला आणि ३९ रोहित मेले, ते कोणी विसरलेलं नाही. उलव्याजवळच्या नव्या, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं. पक्षी जवळ नकोत म्हणून तळीच नकोत, असं काही जण म्हणतात. पण तळं गेलं म्हणून भरती थांबत नाही. खाडी भरल्यावर थवा उठणारच, आणि नेहमीची जागा नसेल तर दुसरी सपाट, उथळ, मोकळी जागा शोधत हिंडणार. अशी दुसरी जागा कुठे आहे, हे ठरवण्याआधी निदान विचारावं तरी.

त्या शिक्षकांना मी पुढच्या रविवारी सोबत नेलं. षष्ठी होती, सहाची पाऊणपट साडेचार. आम्ही तीनला पोचलो तेव्हा तळ्यात शेराटी आणि शेकाटे होते, बाकी काही नाही. पावणेचारला खाडीच्या बाजूने पहिली रांग आली. नातवाने एकवीसपर्यंत मोजले, मग सोडून दिलं.