दोन दाबांची रस्सीखेच

जुनी ऑटोमॅटिक गाडी जागेवरून नीट निघते. इंजिनाचा आवाज चढत जातो, दुसरा गिअर पडायची वेळ होते, पण तो पडतच नाही. शेवटी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय थोडा सैल केला की मागून कुणी ढकलावं तसा झटका देऊन पडतो. ‘गिअरबॉक्स गेला’ असं म्हणून तो उतरवायची घाई इथेच होते. माझं कळकळीचं सांगणं आहे, पाना हातात घेण्याआधी या यंत्राला गिअर कधी बदलायचा हे कळतं कसं, ते समजून घ्या.

जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रा-मॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला आणि १९४० च्या ओल्डस्मोबाइलमध्ये तो बसू लागला. तेव्हापासून संगणक येईपर्यंत हे काम तेलाचा दाबच करत आला. गिअरबॉक्सच्या पोटात व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाच्या वाटा कोरलेला ठोकळा, असते आणि तिच्या भोकात बोटाएवढी एक दांडी मागेपुढे सरकते. गाडीच्या वेगानुसार वाढणारा दाब तिला एका बाजूने रेटतो. दुसऱ्या बाजूने स्प्रिंग असते आणि पाय किती दाबलाय हे सांगणारा दाब. वेगाची बाजू जिंकली की दांडी सरकते, तेलाला नवी वाट मिळते, त्या गिअरचा आतला क्लच आवळला जातो आणि वरचा गिअर पडतो. हळू चालवताना गिअर लवकर पडतो, पाय दाबून धरला की उशिरा, त्याचं कारण एवढंच. एकही वायर नसताना हे जमवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

वेगाची बातमी गव्हर्नर देतो. तो चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टबरोबर फिरतो आणि गोफणीतल्या दगडासारखी त्याची वजनं बाहेर झेपावतात. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. म्हणून अनेक गव्हर्नरमध्ये जड आणि हलकी अशी वजनांची जोडी असते, जड वजन कमी वेगात काम करतं आणि हलकं पुढे. गव्हर्नर कचऱ्याने अडकला तर पाय कितीही हलका ठेवला तरी गाडी पहिला गिअर सोडत नाही.

पायाची बातमी काही गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेली बाहेरची दांडी किंवा केबल पोचवते, क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट गिअरबॉक्समध्ये तसंच आहे. जनरल मोटर्सच्या टर्बो-हायड्रामॅटिक ३५० आणि ४०० मध्ये, तसंच फोर्डच्या सी४ आणि सी६ मध्ये, हे काम व्हॅक्युम मॉड्युलेटर करतो. हा पत्र्याचा छोटा डबा असतो, आत रबरी पडदा, आणि इंजिनाकडून आलेली एक नळी. पाय हलका असताना इंजिन जोराने हवा ओढतं, पाय दाबला की ती ओढ कमी होते. आता नळीला बारीकशी चीर गेली की मॉड्युलेटरला वाटतं, पाय पूर्ण दाबलाय. गिअर उशिरा आणि दणकून पडू लागतात. सुरुवातीला सांगितलेल्या गाडीचं दुखणं बहुतेक हेच असतं.

इंजिन बंद करून, गाडी नीट टेकवून, मॉड्युलेटरवरची नळी काढा आणि तिच्या तोंडात पाहा. आत लाल तेल दिसलं तर पडदा फाटलाय. इंजिन ते तेल ओढून जाळतं. गाडीखाली एक थेंब पडत नाही, तरी पातळी उतरते आणि सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो. नळी कोरडी असेल तर तिला व्हॅक्युम गेज लावून इंजिन आयडलवर चालवा. निरोगी इंजिनात समुद्रसपाटीजवळ काटा साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतो.

उलट तक्रार जास्त धोक्याची. गिअर लवकर आणि लोण्यासारखे मऊ पडायला लागले की मालक खूश होतो. पण टॉर्कफ्लाइटची अ‍ॅक्सिलरेटरकडून येणारी ती दांडी निसटलेली असेल तर आतला दाबच कमी राहतो, क्लच घट्ट आवळले जात नाहीत आणि घासून घासून जळतात. अशी गाडी चालवू नका.

या सगळ्याच्या आधी मात्र तेल. गाडी सपाट जागी, तेल गरम, इंजिन चालू. लिव्हर बहुतेक गाड्यांत पार्कमध्ये, टॉर्कफ्लाइटमध्ये न्यूट्रलला. डिपस्टिकवरचा थेंब पांढऱ्या कागदावर टेकवून त्याचा वास घ्या. स्वच्छ लाल असेल तर ठीक. तपकिरी आणि करपट असेल तर क्लचचं अस्तर जळतंय. गुलाबी दुधासारखं असेल तर रेडिएटरमधलं पाणी मिसळलंय. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर फिरते भाग ते घुसळून फेस करतात. दोन्हीकडे तेलात हवा शिरते, हवा दबली जाते आणि क्लच घसरतो. तेलाचा प्रकारही बघा. फोर्डच्या जुन्या टाइप एफ तेलात घर्षण मऊ करणारी द्रव्यं नसतात, त्याच्या जागी दुसरं तेल ओतलं की गिअर पडण्याची ढब बदलते.

इतकं करूनही तक्रार राहिली तर गिअरबॉक्सच्या चाचणी-भोकाला प्रेशर गेज लावा आणि आकडे त्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडून बघा. दाब बरोबर आहे आणि तरीही क्लच घसरतोय, असं दिसलं तरच गिअरबॉक्स खाली उतरवा.