निर्दोष माणूस गुन्हा कबूल करेलच कशाला?

अमेरिकेतल्या एखाद्या खटल्याची बातमी आली की हा प्रश्न हमखास ऐकू येतो. त्यामागचा समज साफ चुकीचा आहे.

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 2012 च्या एका निकालात नोंदवलं आहे की फेडरल न्यायालयांत 97 टक्के, तर राज्यांच्या न्यायालयांत 94 टक्के दोषसिद्धी कबुलीतूनच होते. ज्युरीसमोरचा खटला हा तिथे अपवाद आहे. ही कबुली बहुतेकदा सौद्यातून येते: आरोपीने गुन्हा कबूल करायचा, बदल्यात सरकारी वकील शिक्षा किंवा आरोप कमी करतो. याला ‘प्ली बार्गेनिंग’ म्हणतात.

केंटकीतलं पॉल हेज यांचं प्रकरण बघा. आरोप होता 88 डॉलर 30 सेंटच्या बनावट चेकचा. सरकारी वकिलाने सांगितलं: कबूल केलंस तर 5 वर्षांची शिफारस करतो, नाहीतर सराईत गुन्हेगाराचं कलम लावतो. हेज यांनी खटला मागितला आणि त्यांना जन्मठेप झाली. 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी ही पद्धत वैध ठरवली. चेक तोच, गुन्हा तोच. वाढीव शिक्षा खटल्याचा हक्क मागितल्याची होती, आणि हा उघड अन्याय आहे.

आता जामिनाला पैसे नसलेला, कोठडीत खितपत पडलेला निर्दोष माणूस डोळ्यांसमोर आणा. कबूल केलं तर आज सुटका, लढला तर कदाचित वीस वर्षं. पुढे निर्दोष ठरलेल्या शेकडो जणांनी आधी असाच गुन्हा कबूल केला होता.

भारतात अशा सौद्याची तरतूद 2006 पासून आहे, पण सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. सौद्याचा अर्ज स्वखुशीने केला आहे का, हे न्यायाधीशाने आरोपीला दुसऱ्या पक्षाच्या गैरहजेरीत विचारावं लागतं.