किट विमानाचे पहिले उड्डाण

कंपनीकडून सुट्या भागांच्या पेट्या मागवून हौशी माणसाने घरच्या गॅरेजात जोडलेले विमान पहिल्यांदा जमीन सोडते, ते उड्डाण. कारखान्यात तयार झालेले नवे विमान पगारी चाचणी-वैमानिक उडवून बघतो. इथे बहुतेक वेळा ज्याने रिव्हेट ठोकले तोच आत बसतो, आणि या प्रकारातली सगळी गंमत व बराचसा धोका त्यातच आहे. पाच-सात वर्षे रोज संध्याकाळी गॅरेजात घालवणारा माणूस फिटर म्हणून तयार होतो. त्याच वर्षांत वैमानिक म्हणून त्याचा हात गंजतो.

किटची कल्पना जुनी आहे. शिकागोच्या एड हीथने १९२० च्या दशकात ‘पॅरासोल’ नावाचे एकआसनी विमान संचाच्या रूपात विकायला काढले. १९३१ साली तो स्वतः विमान अपघातात गेला. (जुन्या रेडिओवाल्यांना ठाऊक असलेले ‘हीथकिट’ हे त्याच कंपनीचे पुढचे रूप.) फ्रान्समध्ये आंरी मिन्ये याने १९३३ मध्ये ‘पू-द्यु-सिएल’, म्हणजे ‘आकाशातली ऊ’, हे चिमुकले विमान उडवले आणि त्याचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. त्याला एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी हलती पट्टी) नव्हते, पायाने दाबायचे पेडल नव्हते. पुढचा पंखच तिरका करून नाक वरखाली करायचे. ज्यांना वैमानिकाचे धडे परवडत नव्हते असे शेकडो लोक फ्रान्स-इंग्लंडमध्ये सुतारकामाला लागले. १९३५-३६ मध्ये अपघातांची रांग लागली. वाऱ्याच्या बोगद्यात तपासल्यावर दोष सापडला: विमान फार खाली झुकले की पुढच्या आणि मागच्या पंखांमधून जाणारी हवा असा काही खेळ करी की वैमानिकाने हातातली दांडी कितीही मागे ओढली तरी नाक वर येईना. इथे बांधणाऱ्याची चूक नव्हती, चूक आराखड्यातच होती. पण ती सापडली ती पहिलटकरांच्या जिवावर.

आज या छंदाचे मुख्य घर अमेरिका आहे. पॉल पोबरेझ्नी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी परिसरात ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ सुरू केली. तिचा उन्हाळी मेळा ऑशकॉश येथे भरतो आणि तेवढ्या आठवड्यापुरते ते गाव घरी बांधलेल्या विमानांची पंढरी होते. किटांमध्ये ओरेगॉनच्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’चा वरचष्मा आहे, रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी आखलेल्या ‘आरव्ही’ मालिकेतली ११,००० हून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. पत्रे आधीच छिद्रे पाडून येतात, तरी एका विमानाला दीड-दोन हजार तास सहज लागतात. आधी शेपटीचा संच मागवायचा, तो जमला तर पंखांचा. कित्येक गॅरेजांत नुसती शेपटीच भिंतीला टेकून उभी असते.

अमेरिकी कायद्याची मेख अशी की विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी वा मौजेसाठी केलेले असले पाहिजे. याला बोलीत ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. निरीक्षक येऊन विमान आणि कामाच्या नोंदी पाहतो, दाखला देतो. दाराजवळ ‘एक्सपेरिमेंटल’ अशी ठळक अक्षरे रंगवलेली असतात. त्यानंतर चाचणीचा पहिला टप्पा: इंजिन व त्याचा पंखा (प्रोपेलर) ही प्रमाणित जोडी असेल तर साधारणपणे २५ तास, नसेल तर ४० तास, ठरवून दिलेल्या हद्दीत, दाट वस्ती टाळून. प्रवासी अजिबात न्यायचे नाहीत.

पहिल्या उड्डाणाचा खरा निकाल जमिनीवरच लागतो. तिन्ही चाकांखाली काटे ठेवून वजन घेतात आणि गुरुत्वमध्य कुठे पडतो ते काढतात. तो मागे सरकलेला असेल तर विमान हातात राहत नाही. मग पेट्रोलची परीक्षा. चढताना नाक जितके वर असते तितके वर करून विमान उभे करायचे, कार्बुरेटरला जोडलेली नळी सोडून ती मापाच्या डब्यात धरायची आणि घड्याळ लावायचे. टेकऑफला इंजिन जितके पिते त्याच्या १२५ टक्के पेट्रोल यायला हवे. पंप नसून टाकी वर बसवलेली असेल तर १५० टक्के. टाकीच्या सांध्यांना लावलेल्या सीलंटचे कण, पत्र्याचा कीस, विसरलेली चिंधी हे सगळे नेमके इथे पकडले जाते.

दुसरी परीक्षा अंगठ्याची. दांडी मुठीत धरून अंगठा उभा ठेवायचा आणि दांडी डावीकडे न्यायची. अंगठा ज्या बाजूला कलला त्याच बाजूचा एलेरॉन वर उठला पाहिजे. वाचायला हे पोरकट वाटते, पण एलेरॉनच्या तारा उलट्या जोडलेली विमाने याआधी धावपट्टीपर्यंत गेलेली आहेत, आणि ती जोडणाऱ्याने ‘दोन्ही बाजू हलतात ना’ एवढेच पाहिलेले होते. म्हणून हे दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावे. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही.

धावपट्टीवर वेगाने पळवून बघण्याबद्दल दोन पक्ष आहेत. पळवून पाहिले की ब्रेक आणि दिशा कळते, असे एकाचे म्हणणे. दुसरा म्हणतो, त्या नादात विमान नकळत उचलले जाते आणि मनाची तयारी नसलेला माणूस अर्ध्या धावपट्टीवर हवेत सापडतो. दुसऱ्या बाजूला आणखी एक आधार आहे. नव्या इंजिनाच्या पिस्टन रिंगा सिलिंडरमध्ये नीट बसायला भरपूर शक्तीवर चालणे लागते. जमिनीवर मंद गतीने घरघरत ठेवले तर सिलिंडरला चकाकी धरते आणि पुढे इंजिन तेल पिऊ लागते. म्हणजे पळवापळवी कमीच बरी.

उड्डाण शक्यतो सकाळी, वारा पडलेला असताना, लांब धावपट्टीवरून करतात. गर्दी बोलावू नये असे अनुभवी लोक सांगतात, कारण जमलेल्या पाहुण्यांसमोर ‘आज नको’ म्हणायला जीभ उचलत नाही. वर गेल्यावर विमानतळाच्या डोक्यावरच घिरट्या घालत उंची घ्यायची, पुरेशी उंची येईपर्यंत थ्रॉटलला, म्हणजे इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला, हात लावायचा नाही. मग वेग हळूहळू कमी करत पंख हवा सोडू लागण्याची, म्हणजे ‘स्टॉल’ची, खूण पाहायची. वेगमापक खोटे बोलत असू शकतो; हवेचा दाब नेणारी नळी कुठे गळत असेल तर काटा भलतेच दाखवतो. पण काट्यावर ५० दिसताना विमान डळमळले, तर उतरण्यासाठी त्याच काट्यावर ६५ धरायचे, म्हणजे १.३ पट. काटा अगदी अचूक नसला तरी हा हिशेब बहुधा निभावून नेतो.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०११ सालातील अशा विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा इंजिन बंद पडणे आणि हवेत ताबा सुटणे ही दोन कारणे वरचढ ठरली. अर्ध्याहून अधिक विमाने मात्र चालवणाऱ्याने बांधलेली नव्हती, जुनी विकत घेतलेली होती. गायक जॉन डेन्व्हर ऑक्टोबर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ समुद्रात कोसळला तो नुकत्याच घेतलेल्या ‘लाँग-ईझी’ या घरी बांधलेल्या विमानामध्ये. मूळ बांधणाऱ्याने पेट्रोलची टाकी बदलायचा कॉक आराखड्यातल्या जागी न बसवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. तो फिरवायला वळले की पाय रडरच्या (विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या सुकाणूच्या) उजव्या पेडलवर दाबला जाण्याचा संभव होता. बांधणाऱ्याला त्याची सवय असणार. नव्या मालकाला ती कुठून असणार? नव्या मालकाचे पहिले उड्डाण म्हणूनच या नोंदीत धरायला हवे.

बांधणाऱ्याच्या गंजलेल्या हातावर उपाय म्हणून त्याच जातीच्या दुसऱ्या विमानात आधी काही तास प्रशिक्षण घेतात, किंवा पहिले उड्डाण सरळ सरावातल्या वैमानिकाकडे सोपवतात. २०१४ पासून अमेरिकेत चाचणीच्या टप्प्यातही, प्रवासी नव्हे पण अटी पाळून दुसरा पात्र वैमानिक सोबत नेता येतो. वर्षानुवर्षे खपून पहिली फेरी दुसऱ्याला द्यायची, हे पुष्कळांना जड जाते.

महाराष्ट्रात या विषयाशी जोडले जाणारे नाव कॅप्टन अमोल यादव यांचे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी बांधलेले सहा आसनी विमान किटचे नव्हते, आराखडाही त्यांचाच. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते मुंबईकरांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर ते उडाले. बांधण्याइतकाच कागदपत्रांचा प्रवासही लांबला.

उतरल्यावर इंजिनावरचे झाकण काढून टॉर्चने बघतात: तेल कुठे पाझरले, कुठली नळी घासली, कुठला नट सैलावला. आरव्हीवाले वैमानिकाच्या तोंडावरच्या न मावळणाऱ्या हसण्याला ‘आरव्ही ग्रिन’ म्हणतात, तेही त्याच वेळी दिसते. मग उरलेले तास. ते संपले की बांधणारा लॉगबुकात लिहितो की विमान सर्व वेगांत काबूत राहते, त्याला धोकादायक खोडी नाहीत, आणि चढाईचे व स्टॉलचे वेग हे हे. खाली सही, तारीख. त्या दिवसापासून शेजारच्या खुर्चीत घरच्या माणसाला बसवता येते.