कपडे ऐच्छिक असलेल्या किनारी रिसॉर्टमधील सुट्टी : दांपत्यांसाठी माहितीपत्रक

रत्नागिरीतील आमच्या कार्यालयात परदेशी सहलीची चौकशी करायला येणारी काही दांपत्ये आपला खरा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारतात. सिंगापूरचे दर विचारून होतात, चहा संपतो, आणि मग यजमान भिंतीवरच्या नकाशाकडे पाहत व बाई पर्सची चेन उघडझाप करीत विचारतात की, जिथे अंगावर कपडे असण्याची सक्ती नसते अशा समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये नवरा-बायकोला जाऊन राहता येते का. येते. मात्र त्याचे पूर्ण उत्तर टेबलावर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून हे माहितीपत्रक छापले आहे. ते घरी न्यावे आणि दोघांनीही वाचावे. एकाने वाचून दुसऱ्याला सांगू नये.

शब्दांचा घोळ

सर्वाधिक गैरसमज शब्दांमुळे होतात. ‘अ‍ॅडल्ट्स ओन्ली’ याचा अर्थ तेथे लहान मुलांना प्रवेश नाही, एवढाच आहे. अशा बहुतेक हॉटेलांत सर्वजण नेहमीसारखे पोहण्याच्या कपड्यांत वावरतात. ‘क्लोदिंग ऑप्शनल’ म्हणजे कपडे ऐच्छिक: घालावे, न घालावे, अर्धे घालावे, कोणी विचारत नाही. ‘न्यूड’ असा फलक असलेल्या भागात मात्र बहुधा कपडे काढूनच जावे लागते, कारण सगळे उघडे असताना एकटा कपड्यांत बसलेला माणूस प्रेक्षक ठरतो आणि ते इतरांना खटकते. युरोपातील ‘नॅचरिस्ट’ वसाहती आणखी निराळ्या. तेथे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे कुटुंब विवस्त्र राहते आणि त्याला शृंगाराचा वासही नसतो. उलट, जाहिरातीत ‘लाइफस्टाइल’ हा शब्द आढळल्यास तेथील काही दांपत्ये जोडीदारांच्या अदलाबदलीसाठीही येतात, असे समजावे. त्यात भाग घेण्याची सक्ती कोणावरही नसते. पण हे आधी ठाऊक असणे आणि तेथे पोहोचल्यावर कळणे यांत फार फरक आहे.

हा फरक आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका शांत, पोक्त दांपत्याला ‘मुलांचा कलकलाट नको’ होता, म्हणून आम्ही ‘अ‍ॅडल्ट्स ओन्ली’ एवढेच वाचून त्यांचे मेक्सिकोतील बुकिंग केले आणि पुढची ओळ वाचलीच नाही. तेथे संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे चार वाजलेले असताना यजमानांचा फोन आला. “अहो, इथे पुळणीवर कुणाच्याच अंगावर काही नाही हो. आम्ही खोलीत बसलो आहोत. पुढे काय करायचे?” दुसऱ्या दिवशी हॉटेल बदलून दिले आणि फरकाची रक्कम आम्ही सोसली. तेव्हापासून रिसॉर्टचे नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचून, मराठीत लिहून दिल्याशिवाय आम्ही आगाऊ रक्कम स्वीकारत नाही.

आपल्याकडे का नाही

‘गोव्यात नाही का असे काही?’ हा पुढचा ठरलेला प्रश्न असतो. गोव्यात नाही, सिंधुदुर्गात नाही, भारतात कायद्याच्या कक्षेत बसणारा असा एकही किनारा नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार सार्वजनिक ठिकाणी इतरांना उपद्रव होईल असे अश्लील कृत्य केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘अमुक किनारा निर्मनुष्य आहे, तेथे चालते’ असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. आपल्या कोणत्याही पुळणीवर पहाटे जाऊन पाहावे: रापणीचा दोर खांद्यावर घेऊन दोन्ही बाजूंनी माणसे मागे सरकत असतात, बायका टोपल्या घेऊन थांबलेल्या असतात, कोणी खुबे शोधत फिरत असते. ती त्यांची कामाची जागा आहे आणि कायदा नसता, तरीही पाहुण्यांनी ती मानावी असे आमचे मत आहे. ज्यांना केवळ एकांत हवा आहे, त्यांच्यासाठी उंच कुंपणाचा आणि स्वतंत्र तरणतलाव असलेला बंगला आम्ही कोकणातच पाहून देऊ शकतो. बाहेरून काही दिसत नाही याची खात्री आम्ही स्वतः गच्चीवर आणि रस्त्यावर उभे राहून करतो.

हे सगळे परदेशी खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी एक गंमत येथे नोंदवावीशी वाटते. जगातील सर्वांत जुन्या ज्ञात विवस्त्र मंडळांपैकी एक, ‘फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट’, १८९१ च्या सुमारास आपल्या माथेरानला निघाले होते. मुंबई सिव्हिल सर्व्हिसमधील चार्ल्स क्रॉफर्ड नावाचे इंग्रज न्यायाधीश त्याचे संस्थापक होते आणि त्यांच्यासह सभासद अवघे तीन. साहेबांची बदली झाली आणि मंडळ विस्कटले. ती बदली झाली होती रत्नागिरीला.

कुठे आणि केव्हा

मुलांना प्रवेश नसलेली आणि कपडे ऐच्छिक असलेली मोठी रिसॉर्ट प्रामुख्याने कॅरिबियन समुद्राकाठी आहेत. जमैकातील नेग्रिल येथील ‘हेडोनिझम टू’ १९७६ पासून चालू आहे आणि त्याचे किनाऱ्यासकट दोन भाग आहेत. एका भागात विवस्त्र असणे अपेक्षित असते, दुसऱ्यात कपडे चालतात. प्रथमच जाणाऱ्यांना ही विभागणी सोयीची पडते, कारण दोन दिवस कपड्यांच्या बाजूला बसून मग ठरवता येते. मेक्सिकोत ‘डिझायर रिव्हिएरा माया’ केवळ दांपत्यांना व जोडप्यांना घेते. तेथील वातावरण उघडपणे शृंगारिक असते, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. क्रोएशियातील व्र्सार येथील ‘कोव्हेर्साडा’ १९६१ पासूनची नावाजलेली वसाहत आहे, पण ती कौटुंबिक आहे आणि तेथे मुले असतात. थायलंडमध्ये अशी काही लहान खासगी रिसॉर्ट आहेत. परंतु त्यांच्या कुंपणाबाहेरच्या सार्वजनिक किनाऱ्यावर विवस्त्र होणे तेथेही गुन्हा आहे.

आमच्या ग्राहकांत आंबा बागायतदार बरेच असल्याने हंगामाचा प्रश्न अवघड होतो. बागायतदार मोकळा होतो तो जूनमध्ये, पेटी संपल्यावर, आणि नेमका १ जून ते ३० नोव्हेंबर हा अटलांटिकमधील चक्रीवादळांचा काळ असतो. त्यामुळे कॅरिबियनला जायचे असल्यास मोहराची फवारणी कोणावर तरी सोपवून डिसेंबर ते एप्रिलमधील आठ-दहा दिवस काढावे लागतात. क्रोएशियाकाठचा एड्रियाटिक समुद्र मात्र आपल्या पावसाळ्यातच पोहण्याजोगा असतो आणि गणपतीच्या आधी सहज परतता येते. तेथील किनारा आपल्यासारखा वाळूचा नसून बराचसा खडकाळ आहे, म्हणून रबरी तळव्याचे पाण्यातले बूट न्यावेत.

क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आले आहे. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी बहुधा मुंबईची एक खेप करावी लागते. जमैकाला किंवा मेक्सिकोला जाताना अमेरिकेत विमान बदलायचे असेल, तर विमानतळाबाहेर न पडताही अमेरिकेचा व्हिसा लागतो. तो व्हिसा असल्यास मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही.

तेथील रीत

सर्वांत पक्का नियम टॉवेलचा आहे. खुर्ची, बाक, बारपुढचे स्टूल, कुठेही बसण्यापूर्वी स्वतःचा टॉवेल अंथरावा. तो खांद्यावर नसलेला माणूस नवखा म्हणून लगेच ओळखू येतो. जेवणाच्या दालनात बहुतेक ठिकाणी कपडे घालूनच जातात. कोणाकडे टक लावून पाहू नये, आणि आपल्याकडे कोणी पाहील या धास्तीने पोट आत ओढूनही बसू नये. परत आलेली दांपत्ये सांगतात की पहिला अर्धा तास जड जातो आणि नंतर लक्ष जेवणात काय आहे याकडे वळते. तेथे सुटलेली पोटे, सिझेरियनचे व्रण, पांढरे केस, सर्व काही असते.

मोबाइलचा कॅमेरा हा गंभीर विषय आहे. किनाऱ्यावर आणि तलावाजवळ छायाचित्रण सहसा पूर्ण वर्ज्य असते आणि नियम मोडणाऱ्याला पैसे परत न करता बाहेर काढतात. आपल्याच जोडीदाराचे तसे छायाचित्र परतल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६७ खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. फोन खोलीतल्या तिजोरीत ठेवावा, हे उत्तम.

उन्हाविषयी आमचे ग्राहक निष्काळजी असतात. ‘आम्ही कोकणातले, आम्हाला काय ऊन’ हे खरे नाही, कारण जन्मभर कपड्याखाली राहिलेल्या कातडीने ऊन पाहिलेलेच नसते. नेग्रिल जवळपास आपल्याच अक्षांशावर आहे आणि तेथील भर दुपार आपल्या दुपारीइतकीच कडक. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा लावावे. खोबरेल तेल त्याच्या जागी चालत नाही. अकरा ते तीन सावलीत बसावे. नको त्या जागी भाजले, तर उरलेले दिवस पालथे झोपून काढावे लागतात.

गुप्तता आणि बुकिंग

गाव लहान आहे आणि ‘यंदा कुठे?’ हे विचारणारे पुष्कळ आहेत. म्हणून या सहलींच्या पावतीवर देश आणि रात्रींची संख्या एवढेच लिहितो, कागदपत्रे बंद लिफाफ्यात हातात देतो, आणि घरातील सामायिक फोनवर संदेश पाठवीत नाही.

बुकिंगसाठी दोघांनी एकत्र यावे. आम्ही दोघांशी पाच-पाच मिनिटे स्वतंत्रपणे बोलतो, आणि एकाचा जरी स्वर ‘यांची हौस आहे म्हणून’ असा लागला, तरी त्या दिवशी रक्कम घेत नाही. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी. रविवारी कार्यालय बंद असते. या विषयावर निवांत बोलायचे असल्यास दुपारी तीननंतर यावे, तेव्हा गर्दी नसते.