आयरिश आजी-आजोबांवरून नागरिकत्व: अर्ज अडतो तो जन्मदाखल्यावर

आजी किंवा आजोबा आयर्लंडच्या बेटावर जन्मले असतील, तर नातवंडाला फॉरेन बर्थ्स रजिस्टरमध्ये, म्हणजे परदेशात जन्मलेल्यांच्या आयरिश सरकारी नोंदवहीत, नाव नोंदवून आयरिश नागरिकत्व घेता येतं. बेलफास्टचा, म्हणजे आज ब्रिटनमध्ये असलेल्या उत्तर आयर्लंडमधला, जन्मही चालतो. पुण्या-मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरांत मात्र पुष्कळदा पलटणीबरोबर आलेला आयरिश माणूस पणजोबा असतो आणि आजोबा खडकीच्या छावणीत जन्मलेले असतात. अशा वेळी तुमच्या जन्माआधीच आई किंवा वडिलांचं नाव त्या रजिस्टरमध्ये चढलेलं असावं लागतं. नंतर चढवून उपयोग नाही, कारण नागरिकत्व नोंदणीच्या दिवसापासून लागू होतं. घरात बाळ येणार असेल तर कृपा करून अर्ज लांबवू नका.

खरी अडचण आजोबांच्या जन्मदाखल्याची. "1922 मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये सगळं जळालं" असं ऐकून लोक शोधच सोडून देतात, आणि याचं फार वाईट वाटतं. फोर कोर्ट्स ही न्यायालयांची इमारत, आणि सरकारी अभिलेखागारही तिथेच होतं. त्या आगीत जुन्या जनगणना, मृत्युपत्रं, चर्च ऑफ आयर्लंडच्या कितीतरी नोंदवह्या गेल्या. सरकारी जन्मनोंदी तिथे नव्हत्याच. 1 जानेवारी 1864 पासूनच्या त्या नोंदी शाबूत आहेत. शंभर वर्षांपेक्षा जुन्या जन्मनोंदी आयरिशजीनिऑलॉजी डॉट आयई या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात.

नुसतं "मेरी मर्फी, कॉर्क" टाकलंत तर ढीगभर मेरी मर्फी निघतील. टाउनलँड, म्हणजे गावाहूनही लहान वस्ती, कळायला हवी. त्यासाठी 1901 आणि 1911 ची जनगणना पाहा. घरातल्या माणसांची नावं एकत्र सापडतात. तिथल्या वयावर विसंबू नका. 1909 पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना पेन्शन मिळू लागली, आणि अनेक म्हाताऱ्यांचं वय दोन जनगणनांमध्ये दहाहून जास्त वर्षांनी वाढलं! जन्मतारीखही बाप्तिस्म्यानंतरची दिसली तर दचकू नका. उशिरा नोंदवल्यास दंड होता, म्हणून आईबाप तारीख पुढे ढकलत. जुन्या वर्तमानपत्रातल्या मृत्युवार्तेतून गाव कळतं, पण ते कात्रण पुरावा म्हणून जोडू नका.

संकेतस्थळावरची छापील प्रतही चालत नाही. जनरल रजिस्टर ऑफिस या आयरिश जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयाकडून पूर्ण तपशिलाचा, आईवडिलांची नावं असलेला प्रमाणित दाखला मागवा. 1922 पासून पुढे उत्तर आयर्लंडमध्ये जन्म झाला असेल तर तो बेलफास्टहून मागवावा लागतो.

बाकी कागद: आजोबांचा विवाहाचा आणि मृत्यूचा दाखला, आई किंवा वडिलांचे जन्म-विवाहाचे दाखले आणि ओळखपत्र, तुमचा जन्मदाखला, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो. अर्ज ऑनलाइन भरायचा, छापून पात्र साक्षीदारासमोर सही करायची, मूळ कागदांसह पाठवायचा. प्रौढांसाठी शुल्क 278 युरो.

पाठवण्याआधी सगळे दाखले शेजारी ठेवून नावं जुळवा. आयरिश आजीच असेल तर तिचा विवाहदाखला हमखास विसरतो, आणि आडनाव बदलल्याचा पुरावा तोच. जन्माच्या कागदावर ब्रिजेट आणि लग्नाच्या कागदावर डीलिया हे त्या काळी सर्रास चालायचं, पण आजचा कारकून ते गृहीत धरत नाही. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा आणखी एखादा कागद आधीच जोडा, नाहीतर महिनोन्महिने थांबून पुन्हा तोच कागद मागणारं पत्र येतं.